अकरा मिनिटं, वीस सेकंद

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाहीये. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

ज्याच्याबरोबर हे घडलं, तो माझा मावसभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. थापा मारणं त्याला कधी जमलंच नाही. आयुष्यात एकदाच मोठी थाप मारली, आणि त्या थापेचीच ही गोष्ट आहे.

मंगळवार होता. दुपारचे चार वाजले होते. म्हणजे भुताखेतांची वेळसुद्धा नव्हती.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तळघरात दादाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. दोन खोल्या, मध्ये जाड काच. एका खोलीत वाजवणारा बसतो, दुसऱ्या खोलीत दादा आणि त्याची यंत्रं. बाजूला एक लांबट खोली आहे, तिथे त्या दिवशी दहा माणसं हेडफोन लावून बसली होती.

ही दादाची जुनी पद्धत. अल्बम बाहेर काढण्याआधी दहा अनोळखी माणसं बोलवायची. प्रत्येकाला एक कागद द्यायचा. डावीकडे वेळ, उजवीकडे त्या वेळी काय वाटलं ते लिहायचं. आपापसात बोलायचं नाही, दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही.

अल्बम मास्तरचा होता.

मास्तर गिटार शिकवायचा, म्हणून मास्तर. दादाचा वीस वर्षांचा जिगरी दोस्त. सहा लांबलचक गाणी, सगळी उदास, शब्द जवळजवळ नाहीतच. शेवटचं गाणं अठरा मिनिटांचं. ते वाजवता वाजवताच काचेपलीकडच्या खोलीत मास्तर गेला. दम्याचा झटका आला होता.

त्याला आता पाच महिने झाले होते. हा अल्बम लोकांपर्यंत पोचावा, एवढीच त्याच्या बायकोची इच्छा होती. दादा तिला वहिनी म्हणायचा. मंगळवारी कागद वाचायला तीही आली होती.

सुरुवातीची मतं वाचून दोघं चक्क हसले.

‘फार उदास आहे, पण बंद करावंसं वाटत नाही.’

‘नवऱ्याला ऐकवणार नाही. तो आधीच तोंड पाडून बसलेला असतो.’

‘दुसरं गाणं संपलं असं तीन वेळा वाटलं. संपलं नव्हतं.’

‘धुक्यात बस चुकल्यासारखं वाटलं.’

शेवटच्या गाण्यात नवव्या मिनिटापासून गिटारचा एकच सूर सुरू होतो आणि तो गाणं संपेपर्यंत थांबत नाही. दहापैकी सात जणांनी त्याचं कौतुक केलं होतं. एकाने लिहिलं होतं, ‘हा सूर माणसाने वाजवलेला वाटतच नाही.’

वहिनीने तो कागद दोनदा वाचला. डोळे पुसले. दादाने मान खाली घातली.

मग तिने पुढचा कागद उचलला...

‘अकरा मिनिटं, वीस सेकंद. मागे कुणीतरी खोकतंय.’

दादा म्हणाला, "बसल्या बसल्या कुणाला तरी ठसका लागला असेल."

पुढचा कागद.

‘अकरा-वीस. माणसाचा आवाज. हाक मारतोय.’

त्याच्या पुढचा...

‘अकरा-वीस. "बोक्या" असं ऐकू आलं. आधी गंमत वाटली. मग नाही वाटली.’

दादाच्या हातातला कप तसाच राहिला.

त्याला बोक्या म्हणणारा माणूस जगात एकच होता.

वहिनीने कागद नीट लावून ठेवले आणि घरी गेली.

दादाने ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. त्याला काहीच ऐकू येईना. गिटारचा सूर, बस्स. स्क्रीनवर मास्तरच्या बोलण्याच्या माइकची रेघ सरळ होती. तो माइक त्या वेळी बंद होता. बंद माइकवर काहीही रेकॉर्ड होत नाही.

तो बंद होता हे दादाला पक्कं माहीत होतं. कारण त्यानेच तो बंद केला होता.

त्याने शेवटचं गाणं कापलं. दहाव्या मिनिटाला सूर हळूहळू विरतो आणि गाणं संपतं, असं केलं. अकरावं मिनिट उरलंच नाही.

गुरुवारी नवीन दहा माणसं बोलावली. त्यात मंगळवारचं कुणीच नव्हतं. वहिनीला मात्र कळवलं नाही.

दादा दारात घड्याळ धरून उभा राहिला. दहावं मिनिट आलं. यंत्र थांबलं. त्याने स्वतः पाहिलं, हिरवा दिवा विझला होता.

पण हेडफोन कुणीच काढले नाहीत.

दहाच्या दहा माणसं तशीच बसून होती. माना खाली घातलेल्या. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.

दादा वाट बघत राहिला...

अकरा मिनिटं झाली.

अकरा मिनिटं, वीस सेकंद.

दहाही जणांनी एकदम पेन उचललं.

 दाराजवळ बसलेल्या बाईच्या खांद्याला हात लावून दादा म्हणाला, "ताई, गाणं संपलंय."

तिने हेडफोन जरासा बाजूला केला. "अजून चालू आहे की," ती कुजबुजली आणि परत लिहायला लागली.

अठरा मिनिटं पूर्ण झाल्यावर सगळ्यांनी हेडफोन काढले. जाताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दादाचा हात धरला. "फार चांगलं केलंय हो. पण त्या माणसाला कुणीतरी पंप द्यायला हवा होता."

दहाही कागदांवर तेच होतं. ‘बोक्या, पंप दे.’ कुणी एकदा लिहिलं होतं, कुणी चारदा. एका मुलीने कागद भरेपर्यंत लिहिलं होतं.

दादाने कागद गोळा केले. मागे वळला, तर दारात वहिनी.

"आजही माणसं बोलावली होती, मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली. तिने हात पुढे केला. दादाने कागद दिले. दुसरं काय करणार होता?

तिने सगळे वाचले. अजिबात घाई न करता.

"भाऊजी, त्याचा पंप कुठे होता?"

दादाने खुर्च्यांवरचे हेडफोन गोळा करायला घेतले.

"तुम्ही म्हणालात, बसल्या जागी गेला. त्याला कळलंही नाही. दोन मिनिटांत सगळं संपलं. मग पंप कोण मागतंय?"

दादा तिच्यासमोर खाली बसला. पाच महिने आतल्या आत कुजत असलेलं सगळं बाहेर पडलं.

पंप दादाच्या टेबलावर होता. खिशात टोचतो म्हणून मास्तरनेच तिथे ठेवला होता. त्या गाण्यासाठी मास्तरला अंधार लागायचा, म्हणून पलीकडच्या खोलीतले दिवे घालवले होते. काचेतून काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात दादाचा फोन वाजला. वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा होता. नीट ऐकू यावं म्हणून दादाने मास्तरच्या बोलण्याचा माइक बंद केला आणि गिटारचा आवाज बारीक केला. त्या माणसाशी तो नऊ मिनिटं हुज्जत घालत होता. गिटारचा सूर चालूच होता, म्हणून त्याला वाटलं, मास्तर रंगात आलाय.

मास्तर खाली पडला होता. गिटार स्पीकरला टेकून पडली होती आणि आपोआप घुमत होती.

लोकांनी वाखाणलेला सूर तो हाच.

वहिनी रडली नाही. आरडाओरडाही केला नाही. एका खुर्चीत बसली, हेडफोन घातला आणि म्हणाली, "लावा. न कापलेलं लावा."

अठरा मिनिटं ती डोळे मिटून बसली.

"काय ऐकू आलं?" दादाने विचारलं.

"काही नाही." तिने हेडफोन उतरवला. "एवढ्या परक्या माणसांना ऐकू येतो. मला येत नाही. मी काय केलं होतं त्याचं?"

त्यानंतर ती रोज दुपारी येऊ लागली. तेच गाणं, तीच खुर्ची. दादा काचेपलीकडे बसून राहायचा. तिने त्याला माफ केलं नाही आणि शिव्याही घातल्या नाहीत. फक्त भाऊजी म्हणणं बंद केलं. शिव्या परवडल्या असत्या, असं दादा मला म्हणाला.

तीन आठवड्यांनी एके दिवशी ती यायच्या आधी दादाने हेडफोन घातला. रोजच्यासारखा, काही ऐकू येणार नाही हे धरूनच.

अकरा मिनिटं, वीस सेकंद...

खोकला.

मग अगदी कानाजवळ, श्वास ओढत, "बोक्या..."

 दादाने हेडफोन काढला नाही. मास्तरने पंप मागितला नाही. एक नाव घेतलं. लाडाचं नाव, दादाने कधीच न ऐकलेलं. आणि म्हणाला, "तिला सांग, मी तिलाच हाक मारत होतो. आवाज पोचत नव्हता."

दादाने ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं.  वहिनी आली तशी तो कागद घेऊन धावला.

तिने वाचलं. ते नाव वाचताना तिचा चेहरा एवढा फुलला, की दादाला वाटलं, सुटलो.

मग तिने अक्षर पाहिलं.

"हे तुम्ही लिहिलंत."

"मी ऐकलं, वहिनी. आत्ता ऐकलं. शपथ घेतो."

"हे नाव त्याने तुम्हाला कधीतरी बोलता बोलता सांगितलं असेल."

"नाही हो. कधीच नाही."

"त्याला कळलंही नाही, असं तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतंत," ती म्हणाली. "अगदी असंच बघून."

तिने कागदाची घडी घातली, परत त्याच्या हातात दिली आणि जिना चढून गेली. ती पुन्हा आली नाही. फोन उचलत नाही, दार उघडत नाही.

अल्बम अजून पडून आहे. दादाने स्टुडिओला कुलूप घातलं, त्यालाही आता वर्ष होत आलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. मला ते माहीत आहे, कारण गेल्या रविवारी दादा माझ्याकडे जेवायला आला होता. भर दुपारी, भरल्या ताटावर त्याचा हात थांबला. कानात काही नव्हतं, घरात रेडिओसुद्धा चालू नव्हता.

"सांगितलं रे तिला," तिचं ते नाव घेऊन तो कोपऱ्याकडे बघत म्हणाला. "मी सांगितलं. ती ऐकत नाही, मी काय करू?"

मी कोपऱ्यात बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

पण कुणीतरी खोकलं... आणि दादा नाही खोकला.