दोरी तेवढीच, मैदान कमी

भरधाव धावत आलेली टोळ वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडे कचकन थांबली. खड्ड्यासमोर कुणीतरी दोरी बांधली होती!

टोळ हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण लांब उडी मारणाऱ्या मुलीला चष्मिशसारखा खोडकर मावसभाऊ असला की दुसरं काय होणार? सुट्टी संपताच शाळेच्या संघाची निवड होती. सराव करायचा तो याच खड्ड्यात, आणि खड्डा होता मैदानाच्या कोपऱ्यात. तो अख्खा कोपराच आता दोरीपलीकडे गेला होता.

कुंपणवाले काका खुंट्या ठोकत होते. वसाहतीच्या मैदानाला नवं कुंपण घालायचं काम त्यांच्याकडे होतं आणि कोपऱ्यात स्वतःच्या सामानाची शेड बांधायची परवानगीही त्यांनी समितीकडून पदरात पाडून घेतली होती. टोळने जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले की मैदान तसूभरही कमी झालेलं नाही. आधी सभोवार होती तीच दोरी आहे, तोडलेली नाही की जोडलेली नाही. समितीनेही दोरी पाहूनच मान डोलावली होती. जन्मभर मीटरवर कुंपण विकलेला माणूस तो, प्रत्येक जागा कडेकडेने चालूनच मोजायचा.

टोळला ते पटेना. डोळ्यांना कोपरा गेलेला दिसत होता, मग दोरी कशी पुरली? चष्मिशने वाळूत आयत काढला, त्याचा एक कोपरा आत ढकलला आणि दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. कोपऱ्याच्या दोन बाजू नुसत्या आत सरकल्या होत्या, लांबी तीच राहिली होती!

"पण आतली जागा?" टोळ म्हणाली. "या वेड्यावाकड्या आकाराचे दोन आयत करू."

त्यांनी मोजपट्टी आणली. एक आयत साठ बाय पंचवीस मीटर, दुसरा चाळीस बाय पंधरा. दीड हजार आणि सहाशे मिळून एकवीसशे चौरस मीटर. पूर्वीचं मैदान साठ बाय चाळीस, म्हणजे चोवीसशे. काकांनी तीनशे चौरस मीटर गिळले होते.

दोघं धावतच समितीच्या अध्यक्षबाईंकडे गेली. बाईंनी मान वर न करता सांगितलं की मोठ्यांनी सगळं मोजलंय, तुम्ही जा खेळायला.

"कुठे?" टोळने विचारलं. बाईंनी पुढचा कागद ओढला. टोळ तिथून निघाली ती रागाने लालबुंद होऊन.

दुपारी काका जेवायला गेले. शेडच्या जागेभोवती त्यांनी वेगळी दोरी बांधली होती. दोघांनी तिचा मैदानाकडचा कोपरा ढकलत ढकलत पार समोरच्या कोपऱ्याजवळ नेला. शेडची जागा काटकोनात वळलेली एक अरुंद पट्टी होऊन बसली. मग टोळने आईला आणि अध्यक्षबाईंना हाताला धरून मैदानावर आणलं.

तेवढ्यात खांबांनी भरलेला ट्रक घेऊन काका आले आणि जागच्या जागी थिजले.

"माझी जागा कुणी खाल्ली?"

"कुणीच नाही," टोळ म्हणाली. "दोरी तीच आहे काका. तोडलेली नाही की जोडलेली नाही."

"अगं, दोरीला काय चाटायचंय? ट्रक कुठे उभा करू? मला आतली जागा हवी!"

"आम्हालाही तीच हवी."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. अध्यक्षबाईंनी मैदानाकडे पाहिलं, मग वाळूतल्या आकृतीकडे. चष्मिशने दोन आयतांचा हिशेब समजावला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की आपण दोरी पाहिली, जमीन पाहिलीच नाही. शेड रद्द झाली. खुंट्या काकांनाच उपटाव्या लागल्या आणि ते पुटपुटत एकेक उपटत होते.

"हुशार आहे हो तुमची लेक," बाई आईला म्हणाल्या.

"आहेच," आई म्हणाली. "पण आता मोठ्यांनी मोजलंय असं तिला सांगू नका. ती पुन्हा मोजेल."

टोळने ते ऐकलं नाही. ती केव्हाच धावायला लागली होती.