पाटीवरचा बर्फ

"माझी परीक्षा कुणीतरी चोरलीय," प्रणिता बिडवे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

मृत्युंजय हालगेनं चहाचा कप बाजूला सारला. अंबाजोगाईत खासगी तपासाची पाटी लावून बसलेला हा माणूस विम्याच्या खोट्या दाव्यांवर पोट भरत असे. असली तक्रार त्याच्याकडे पहिल्यांदाच आली होती. कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या बजरंगनं, त्याच्या जीपवाल्या दोस्तानं, पेपर खाली घेतला. बजरंग पेपर खाली घेतो म्हणजे गोष्ट साधी नसते.

सत्त्याण्णव साल होतं. परदेशात माल धाडायचा तर आयएसओचा दाखला हवा, ही हवा बीड जिल्ह्यापर्यंत पोचली होती. दाखल्यासाठी ऑडिटर येऊन कारखाना तपासतो. आणि त्या ऑडिटरला तपासणी जमते की नाही, हे पाहायला एक मूल्यमापक मागे उभा राहतो. शहाण्यावर दीडशहाणा म्हणा ना!

"मांजरसुंब्याजवळ गुरुलिंगशेठ कानडेंचा सीताफळाच्या गराचा कारखाना आहे," प्रणिता सांगू लागली. "काल तिथं माझं शेवटचं ऑडिट होतं. मूल्यमापक पुण्याचे बद्रीनाथ राजहंस. शीतगृहात कोट दोनच होते, म्हणून आत आम्ही दोघंच गेलो. तिथल्या थर्मामीटरचं टोक मी बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवलं. शून्य दाखवायला हवं, त्यानं उणे चार दाखवलं. तसा दोष मी लिहिला. शेठ भडकले. सर म्हणाले, जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर पुन्हा पाहू."

"आणि?"

"बरोब्बर शून्य."

"थर्मामीटर बदललं असेल कुणीतरी. कुणाजवळ असतं असं?"

"कारखान्याच्या कपाटात. शिवाय आमच्या बॅगेतही असंच लाकडी पाटीवरचं असतं. माझं हे बघा, इथं आहे. जेवताना जो तो एकदा तरी उठला होता. आज दुपारी समारोपाची बैठक आहे. 'ऑडिटर होण्यास अपात्र' असा शेरा गेला की नोंदणी संपली. तीन वर्षं घासलीत मी, साहेब."

"जीप काढ," मृत्युंजय बजरंगला म्हणाला.

दसरा नुकताच झाला होता. कारखान्याच्या फाटकापासूनच ते कळत होतं. वजनकाटा, ढकलगाडी, आगीची बादली, सगळ्यावर भस्माचे तीन आडवे पट्टे.

"झाडू बी सोडला न्हाई की!" बजरंग हसला.

"मालकांचा नेमच हाय तो," प्रयोगशाळेच्या वनमालाबाई म्हणाल्या. शीतगृहाचं काम त्यांच्याकडेच होतं. "खंडेनवमीला सगळी हत्यारं हॉलात मांडत्यात. खोक्यातलं नवं सामान बी उघडून त्याला भस्म लावत्यात. नंतर आलेल्या वस्तूला कामाला लावायच्या आधी लावायचं. देव्हाऱ्यात वाटी भरलेलीच असती."

"थर्मामीटर तुम्ही बदललं का?"

"मी कावून बदलू? चूक निघाली असती तर नवं मागितलं असतं." त्या वैतागल्या होत्या. "माझं डोकं आधीच फिरलंय. काल दुपारपासून खोली गारच होईना. उणे अठराला राहायची, आता उणे चौदाच्या खाली जाईना. मशीन तर तेच हाय, ठणठणीत."

कोट चढवून दोघं आत गेले. थर्मामीटर लाकडी पाटीवर बसवलेलं होतं आणि पंख्यासमोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. पंख्याचा झोत असा होता की बाकी भिंतींवर बर्फ साचला असताना तेवढी जागा कोरडी होती.

"पाटी लई कोरी दिसती," बजरंग दात वाजवत म्हणाला. "बाहेर चल बे, गोठलो!"

गुरुलिंगशेठ ऑफिसात येरझाऱ्या घालत होते. "कंटेनर उद्या मुंबईला निघायचाय. त्या पोरीनं दोष लिवला, तवा मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण चोरटेपणा आपल्या रक्तात न्हाई."

राजहंस मात्र शांत होते. गेल्या वर्षी या कारखान्याला पास करणारे ऑडिटर तेच होते.

"मूल्यमापकानं कशालाही हात लावायचा नसतो," ते म्हणाले. "मुलगी घाईची आहे. पाटीवर बर्फाचे पांढरे पट्टे बसलेले, तेसुद्धा तिनं पुसले नाहीत. अशीला पास कसं करायचं?"

मृत्युंजयनं मान डोलावली आणि बैठक सुरू करायला सांगितलं.

"मला तर मालकच वाटतो," बजरंग कानात कुजबुजला. "फायदा त्याचाच."

"फायदा दिसतो तिथं आपण लवकर बघतो," मृत्युंजय म्हणाला आणि सगळ्यांकडे वळला.

"खोली बिघडलेली नाही, वनमालाबाई. ती आधीपासूनच उणे चौदा होती. जुनं थर्मामीटर चार अंश जास्त थंड दाखवायचं. काल दुपारी खरं दाखवणारं आलं आणि खोली तुम्हाला गरम वाटू लागली. म्हणजे प्रणिताबाईंचं माप बरोबर होतं."

प्रणितानं डोळे मिटून घेतले.

"नवं आलं कुठून? इथं खोक्यातल्या वस्तूलाही भस्म असतं. भिंतीवरची पाटी कोरी आहे, म्हणजे ते या कारखान्याचं नव्हे. शेठ किंवा वनमालाबाईंनी बाहेरून आणवलं असतं, तरी त्यांनी आधी भस्माची वाटी घेतली असती. नेम म्हणून, नाहीतर लपवण्यासाठी. पाटी कोरी ठेवली ती पट्टे पाहूनही न ओळखणाऱ्यानं."

"पांढऱ्या खोलीत पांढरे पट्टे," तो राजहंसांना म्हणाला. "तुम्हाला तो बर्फ वाटला. पण त्या जागी पंख्याचा झोत आहे, बर्फ बसतच नाही. तुम्ही भस्म पाहिलंत, साहेब. आणि आपल्या बॅगेतलं थर्मामीटर त्या जागी टांगलंत."

शेठ पुढे झाले. "बॅग उघडा."

राजहंसांनी उघडली. टॉवेलात गुंडाळलेल्या लाकडी पाटीवर तीन पट्टे होते, थोडे फिसकटलेले.

"गेल्या वर्षी मी ते तपासलंच नव्हतं," राजहंस खाली बघत म्हणाले. "माझ्या लायकीचीच फेरतपासणी निघाली असती."

"म्हणून पोरीच्या लायकीवर घाला घातला?" बजरंग उखडला. मृत्युंजयनं त्याचा दंड धरला.

पुण्याला फोन झाला. प्रणिताचा निकाल आता दुसरा मूल्यमापक देणार होता. सुटल्यासारखं वाटून ती पाणी प्याली आणि तिनं पेन उघडलं.

शेठ तिच्यासमोर बसले. "पोरी, तुजं खरं ठरलं, लई आनंद झाला. पर आता तेवढा दोष ऱ्हाऊ दे की. थर्मामीटर आजच नवं घेतो. कंटेनर थांबला तर मी बुडंन."

तिचा हात थांबला. याच माणसानं पाच मिनिटांपूर्वी बॅग उघडायला लावली होती. तिला फार वाईट वाटलं.

"काका, तो माल उणे अठराऐवजी उणे चौदालाच साठवलाय. तपासल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं लिहावंच लागेल मला."

शेठ उठून बाहेर गेले. रागावून गेले, असंच सगळ्यांना वाटलं.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात भस्माची वाटी होती. त्यांनी तीन बोटं बुडवली आणि तिच्या पेनाच्या टोपणावर ओढली.

"दसऱ्याला हे हत्यार पूजेत नव्हतं," ते म्हणाले. "आता लिव."