बोर्डे सरांचं लॉगिन

ही गोष्ट खरी आहे.

पटवून देण्याची कला माझ्याकडे नाही, आणि आता या वयात ती येणारही नाही. पण ज्याच्या बाबतीत घडली तो रामकिसन माझा सख्खा भाचा. खोटं रचायला सुद्धा अंगात थोडं त्राण लागतं. तेवढं त्याच्यात उरलेलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरून चालतात. इथं रात्र नाही. १० जानेवारी २००६, मंगळवार. भर दुपार, दीडचा सुमार. कुंभार पिंपळगावच्या बाहेर एका लहानशा कॉलेजची कॉम्प्युटर लॅब.

रामकिसन तिथं कंत्राटावर लागला होता. लॅब म्हणजे एक मोठी मशीन आणि तिला जोडलेल्या बारा जुन्या मशिनी, कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेल्या. त्या बारांत स्वतःची डिस्कच नव्हती. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा बाराही जणींचा जीव त्या एकीत.

हे सगळं उभं केलं होतं बोर्डे सरांनी. भिवा बोर्डे. रामकिसनच्या आधीचे.

लिनक्स नावाची एक व्यवस्था असते. फुकट मिळते, आणि आतून उघडून हवी तशी बदलता येते. बोर्डे सरांनी तिच्या सीडी पोस्टानं मागवल्या. दोन वर्षं खपून तिचे भाग स्वतः जुळवले, पोरांसाठी मेन्यू मराठीत केले. कॉलेजचा एक पैसा लागला नाही.

फक्त एक होतं. ती मोठी मशीन रीतसर हुकूम देऊन बंद करावी लागे. चालू असताना लाईट गेली, तर नंतर तास-दीड तास ती स्वतःलाच तपासत बसे आणि कधीकधी पोरांचं वर्षाचं काम गिळून टाके. यूपीएसची बॅटरी टिके जेमतेम पाच मिनिटं. भारनियमनाच्या वेळा फळ्यावर लिहिलेल्या असत, पण लाईट फळा वाचून थोडीच जाते?

म्हणून मशीनपाशी कुणीतरी बसून राहायचं. बस, एवढीच नोकरी.

बोर्डे सर फेब्रुवारी २००५ मध्ये गेले. दुपारी घरी जेवायला बसले होते. शेजारच्यानं सांगितलं, आज लाईट लवकर जाणार आहे. दोन घास खाऊन उठले, सायकल काढली. वाटेत उसाच्या ट्रॉलीनं...

कॉलेजपर्यंत पोचलेच नाहीत.

रामकिसनला हे ठाऊक होतं. पण तो त्या जागेवर बसला तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हती, झोप होती. घरी तीन एकर ऊस आणि गहू. मोटारीला लाईट मिळे ती रात्रीच. रात्रभर पाणी धरायचं, पहाटे आंघोळ करून एसटी पकडायची आणि दिवसभर त्या खुर्चीत डोळे ताणून बसायचं. सरांनंतर कुलपात पडलेली लॅब जुलैत त्याच्यासाठीच उघडली होती. सहा महिने त्यानं काढले. पापणीला पापणी लागू दिली नाही.

त्या मंगळवारी लागली.

जाग आली ती शांततेनं.

पंखा बंद. मशीनची घरघर बंद. लाईट गेली की यूपीएस टीं-टीं करून डोकं उठवतो... तोही गप्प.

रामकिसन ताडकन उठला. गेलं! पोरांच्या प्रॅक्टिकलला महिना राहिला होता. नोकरी गेली.

तासाभरानं लाईट आली. त्यानं देवाचं नाव घेऊन मशीन लावली.

ती सरळ उठली. तपासणी नाही, तक्रार नाही. कुणीतरी ती रीतसर बंद केली होती.

शिपाई कडूबा दारातून म्हणाला, "काय सर, झोप झाली का? तुम्ही घोरून राह्यले, मशीन बी घोरून राह्यली. जोडी जमली."

"काका, तुम्ही बंद केली का ही?"

"मी? मला साधा मोबाईल बंद करता येत न्हाई, अन् हे धूड करतो?"

लिनक्समध्ये कोण कधी आत आलं आणि कधी गेलं, याची नोंद आपोआप राहते. रामकिसननं ती काढून पाहिली.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी मशीन बंद करण्याचा हुकूम. मशीनच्याच कीबोर्डवरून.

हुकूम देणाऱ्याचं नाव...

भिवा.

सरांचं लॉगिन अजून तसंच होतं. काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. रामकिसननं स्वतःची समजूत घातली. सर हुशार माणूस, ठरल्या वेळी आपोआप बंद होईल अशी काही तजवीज आत लिहून ठेवली असेल. त्यानं सगळीकडे शोधलं.

तसं काही नव्हतं.

लाईट गेली होती एक सव्वीसला. वाटूरच्या बाजूला तार तुटली होती. तार तुटायच्या सात मिनिटं आधी कुणाला कळलं?

आणि हुकूम लिहून ठेवता येतो. पण यूपीएसचं बटण हातानं दाबावं लागतं. ते कुणी दाबलं?

आता एखादा पळून गेला असता. रामकिसन पळाला नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपला.

हे सांगताना त्यानं मान खाली घातली होती. "मामा, पहिल्यांदा लागलेली झोप. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम झोपलो."

आणि दुसऱ्या दिवशीही मशीन रीतसर बंद झाली. तिसऱ्याही. एक दिवस कडूबानं बाहेरून हाक मारली, "सर, आत कोण आलंय?"

"कुणी न्हाई. मीच आहे."

"मंग चपला दोन जोड कशा?"

लॅबमध्ये धूळ चालत नाही. चपला दाराबाहेर काढायचा नियम, तो बोर्डे सरांनीच घातलेला. रामकिसन उठून दारापर्यंत गेला.

बाहेर एकच जोड होता. त्याचा.

"आत्ता बराबर होत्या इथं," कडूबा म्हणाला. त्यानंतर तो दुपारी त्या बाजूला फिरकला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक बाई लॅबच्या दारात उभी राहिली. फिकट निळं लुगडं, हातात रिकामी पिशवी. बोर्डे सरांच्या पत्नी, बेबीनंदाबाई.

"भाऊ, एक विचारू का? आमच्या ह्यांचं नाव त्या मशिनीत हाय का अजून?"

"आहे, वहिनी. का?"

बाईंनी हातातल्या पिशवीची घडी केली. मग म्हणाल्या, "आमच्यात भूत-बीत मानत न्हाईत. मी बी मानत न्हाई. पण संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारपासून ते येऊन राह्यले. दुपारी. मी जेवायला बसले की कडी वाजते. ताटासमोर बसतात. घास उचलतात. अन् उठून जातात."

"बोलतात काही?"

"न्हाई. लई दमलेत हो, भाऊ. तोंड बघवत न्हाई. जिते असताना बी इतके दमलेले न्हाई दिसले कधी." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमच्या हातात असंल तर त्यांची सुट्टी करा. नाव काढा तिथलं."

संक्रांतीच्या आधीचा मंगळवार.

रामकिसननं मनातल्या मनात हिशेब केला. माणूस वर्षभर निवांत होता. आपण झोपलो, जागा रिकामी झाली, म्हणून तो उठून आला.

"काढतो, वहिनी. आजच काढतो."

काढायला अर्धं मिनिट लागतं. एक ओळीचा हुकूम.

त्यानं तो दिला नाही.

आज काढू, उद्या काढू. रात्री उसात गुडघाभर चिखल, आणि दुपारी ती दोन तासांची गाढ झोप. त्या झोपेवर तो तगून होता. पोरांचं काम सुखरूप होतं. संस्थेच्या सेक्रेटरींनी तर त्याची पाठ थोपटली, म्हणाले, तुमच्या काळात मशीन एकदाही बिघडली नाही. रामकिसन हसला आणि दुपारी जाऊन झोपला.

फेब्रुवारी गेला. पोरांचं प्रॅक्टिकल पार पडलं. मार्च सरत आला.

२८ मार्चला, मंगळवारी, तो जागा होऊन तोंड धूत होता तेव्हा बाई पुन्हा आल्या. निम्म्या झाल्या होत्या. गालाची हाडं वर आली होती.

"भाऊ, नाव काढलं का?"

रामकिसनच्या तोंडून निघून गेलं, "काढलं, वहिनी. तेव्हाच काढलं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग सुद्धा परवडला असता.

"मंग आत्ता जेवताना कसे आल्ते?"

रामकिसन ओल्या हातानं तोंड पुसत राहिला.

"त्यांच्यामुळं माझं बी ताट तसंच राहतं, भाऊ. ते उपाशी उठतात. मी कशी खाऊ?"

एवढंच बोलून त्या गेल्या.

लाईट आली होती. रामकिसननं दार लावलं, मशीन चालू केली आणि उभ्यानंच तो एक ओळीचा हुकूम दिला. भिवा हे नाव काढून टाक.

मशीननं नकार दिला.

कारणही दिलं. ज्याचं नाव काढायचंय, तो माणूस सध्या आत आहे...

खोलीत रामकिसन एकटा होता. बाराही मशिनी बंद होत्या.

अशा मशीनला एकाच कीबोर्डवर सहा पडदे असतात. दोन बटणं एकदम दाबली की एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. रामकिसन होता पहिल्या पडद्यावर. त्यानं दुसरा पडदा लावला.

काळ्या पडद्यावर सरांचं नाव. पुढे लुकलुकणारी रेघ. कुणी नुकतंच येऊन बसावं तशी.

त्याला काय वाटलं कोण जाणे. तो खुर्चीत बसला आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "सर, तुम्ही घरी जा."

एरवी असं काही लिहिलं की मशीन फटकारते, असा हुकूम नाही म्हणून. ती गप्प राहिली.

बाहेर लिंबावर होला घुमत होता. तोही थांबला.

मग खाली अक्षरं उमटू लागली. एक... एक... दोन बोटांनी टाईप करणाऱ्या माणसाच्या चालीनं. कीबोर्डवर रामकिसनचे हात नव्हते. कळ एकही हलत नव्हती.

"मंग इथं कोण बसणार?"

रामकिसन रडला. भीतीनं नाही, लाजेनं. तो मला म्हणाला, "मामा, त्या अक्षरांत राग नव्हता. फक्त काळजी होती. आणि थकवा. थकवा अक्षरांत कसा दिसतो ते मला सांगता येत नाही, पण मला ओळखू आला."

त्यानं लिहिलं, "मी."

रेघ लुकलुकत राहिली. मग पडदा साफ झाला. आतला माणूस बाहेर पडला होता.

रामकिसननं हुकूम पुन्हा दिला. या वेळी मशीननं ऐकलं.

त्या दिवसापासून तो झोपला नाही. जमीन त्यानं धाकट्या भावाकडं बटईनं, निम्म्या वाट्यावर दिली. आठ-दहा दिवसांनी बाजारात बेबीनंदाबाई भेटल्या. अंगावर थोडं मांस आलं होतं. "येत न्हाईत आता," म्हणाल्या. आणि मग, पिशवीतल्या मेथीकडं बघत, "दुपार लई मोठी झाली हो, भाऊ."

इथंच संपलं असतं, तर मी हे लिहायला बसलो नसतो.

पुढच्या वर्षी ऑगस्टात रामकिसन तापानं फणफणला. एक दिवस घरी राहिला. एकच दिवस. दुसऱ्या सकाळी कडूबा दारात हजर. बाईंचा निरोप होता.

"काल आल्ते."

नाव तर काढून टाकलेलं. नोंदीत पाहिलं, तिथं काहीच नव्हतं. पण आदल्या दिवशी पोरांनी लावलेली मशीन रीतसर बंद होती, आणि यूपीएसही.

तेव्हापासून त्यानं एक रजा घेतली नाही. बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि हा निघाला. लोक नावं ठेवतात. पाहुणे तर म्हणतात, याचं त्या मशिनीशी लगीन लागलंय.

परवा तो माझ्याकडे आला. अंबडच्या एका शाळेत त्याला कायमची नोकरी लागली आहे. आठ वर्षं वाट पाहिली होती पोरानं. ऑर्डर खिशात होती. एक तारखेला हजर व्हायचं आहे.

इथल्या जागेवर कुणी मिळत नाही. एवढ्या पगारात कोण दिवसभर बसून राहील?

मी म्हणालो, "ती मशीन मोडीत काढायला सांग ना."

"सांगितलं. नाही म्हणाले. आणि काढली तरी मामा, जागा राहतेच ना."

"अरे, पण तू जन्मभराचा शब्द दिलास का?"

तो ऑर्डरच्या घडीवर बोट फिरवत राहिला. "किती दिवस, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

मी चहा टाकला. चहा घेऊन तो गेला.

आज एकतीस तारीख आहे. त्याचा अजून फोन नाही.