भिंगरीचं पेडल

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि खरी आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात घडलेली. पटली नाही तर सोडून द्या. मलाही आधी पटली नव्हती.

आत्या आयुष्यभर कारखान्यात लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, काम केलेली बाई. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत छोटं लेथ मशीन टाकून ती वाद्यांचे सुटे भाग बनवायची. तिची एकुलती एक लेक पेडल स्टील गिटार वाजवायची. पोरीचा पाय घरात ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

ही गिटार मांडीवर घेत नाहीत. ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. तारांवर पोलादी कांडी सरकवायची आणि पायानं खालची पेडलं दाबायची. पेडल दाबलं की आडवा दांडा फिरतो, दांडा सळईला ओढतो, तारेचा सूर चढतो. सोडलं की स्प्रिंग सगळं जागेवर आणते.

त्या वर्षी भिंगरीला ताप आला. तो मेंदूपर्यंत गेला आणि ती शुद्धीवर येईना. काका, म्हणजे आत्याचे यजमान, दवाखान्यात बसून होते. आत्या आंघोळीपुरती घरी आली होती.

घरात दुसरं कुणी नव्हतं. पंखासुद्धा बंद.

आणि भिंगरीच्या खोलीतून आवाज आला...

टक्.

थोड्या वेळानं पुन्हा... टक्.

आत्या दारात जाऊन उभी राहिली. गिटारसमोरची खुर्ची रिकामी होती. पहिलं पेडल सावकाश खाली जात होतं... आणि वर येत होतं.

उंदीर असेल म्हणून तिनं वाकून पाहिलं. काहीच नव्हतं.

तेवढ्यात काकांचा फोन आला.

"अगं, हिचा श्वास बघ कसा चाललाय. ऐक." त्यांनी फोन लेकीच्या तोंडाशी धरला.

श्वास आत... पेडल खाली.

श्वास बाहेर... पेडल वर.

आत्या तिथेच फरशीवर बसली.

मग तिच्या लक्षात आलं, पेडल पुरतं वर येत नव्हतं. मध्येच अडकायचं, थरथरायचं, मग कसंबसं सुटायचं.

ते अडकलं की फोनमधला श्वासही अडकायचा.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, आमच्या हातात होतं ते केलं. तू ये लवकर."

"अहो, मी येत नाही. मला इथं काम आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? पोर जातेय आपली."

"म्हणूनच. फोन तिच्या तोंडापासून हलवू नका. चार्जर लावून ठेवा."

आपला फोन स्पीकरवर टाकून आत्या गिटारखाली आडवी झाली. बॅटरी मारून पाहिलं. आडवा दांडा ज्यात फिरतो, ती पितळी कडी, म्हणजे बुश, झिजून अंड्यासारखा लांबट झाला होता. दांडा त्यात तिरका होऊन अडकत होता.

काम साधं होतं. जुना बुश काढायचा, नवा बसवायचा.

पण काढायचा म्हणजे पेडल थांबणार...

आधी तिनं लेथवर नवा बुश कातायला घेतला. दारं सताड उघडी ठेवून. मशीनच्या घरघरीतून कान त्या आवाजाकडे.

टक्... आता मधला वेळ वाढत चालला होता.

पहिला बुश वाया गेला. हात थरथरला.

"थरथरायचं ते नंतर थरथर," तिनं स्वतःच्याच हाताला दम भरला.

दुसरा जमला. ती पुन्हा गिटारखाली शिरली. दांडा सुटला तरी सळई हातानं ओढता येते, हे तिला माहीत होतं. डाव्या मुठीत तिनं सळई धरली. ओढली... सोडली. उजव्या हातानं जुना बुश उपसून काढला.

पेडल निपचित पडलं.

पण फोनमधला श्वास चालू होता. आत्यानं ओढलं की आत. सोडलं की बाहेर. लेकीचा श्वास आता आईच्या मुठीत होता.

नवा बुश बसता बसेना. मूठ आखडली, बोटं बधिर झाली. आणि एकदा ओढायचं चुकलं.

तरी सळई सरकली...

तिनं ओढली नव्हती. सळईनंच तिचा हात ओढला होता. गिटारच्या आतून. चांगला हिसका देऊन.

आत्या किंचाळली नाही. तिनं बुश दाबून बसवला, दांडा जोडला, स्क्रू आवळले.

पेडल खाली गेलं... आणि अलगद, पुरतं वर आलं.

फोनमधून काका म्हणाले, "अगं... डोळे उघडलेत हिनं."

भिंगरी आज ठणठणीत आहे. पण गिटारजवळ जात नाही. विचारलं तर म्हणते, "आई, पेडलवर पाय ठेवला की कुणाच्या तरी छातीवर ठेवल्यासारखं वाटतं."

आत्यानं तिला काही सांगितलेलं नाही. ते पेडल अजूनही आपोआप लेकीच्या श्वासाबरोबर हलतं, आणि बुश झिजत आला की आत्या गुपचूप बदलते. अलीकडे तिचे हात फार कापायला लागले, म्हणून तिनं मला बोलावलं आणि हे सगळं सांगितलं.

मी भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. आधी घराचा मेन स्विच बंद केला. मग ताटलीत पाणी भरून पेडलशेजारी ठेवलं. जमीन हादरत असेल तर पाणी हलेल.

पाणी हललं नाही. पेडल हलत होतं.

आत्यानं आधीच कातून ठेवलेले बुश डब्यात होते. मी तिच्याच पद्धतीनं बुश बदलला. एका हातानं सळई ओढत. उघडलंच होतं, आणि शेजारच्या पेडलचा बुशही झिजलेला दिसला. अशा वेळी हात थांबत नाही. तोही बदलून टाकला.

आत्या चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"दुसऱ्याला हात लावलास?"

"झिजला होता गं."

ती कान देऊन उभी राहिली.

टक्... हे भिंगरीचं.

आणि मग, वेगळ्याच लयीत... टक्.

दुसरं पेडल खाली चाललं होतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"श्वास रोख," आत्या म्हणाली.

मी रोखला.

दुसरं पेडल अर्ध्यात थांबलं.

आत्यानं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. "बुश नीट कातायला शीक," ती हळूच म्हणाली. "माझ्यानंतर तिचंही तुलाच बघायचंय. आणि तुझंही."

मी आता आत्याकडेच राहतो. त्या आवाजानं झोप मोडते. आणि तो थांबेल की काय, या भीतीनं पुन्हा डोळाच लागत नाही.