चार नंबरचं सील

प्रसेनजीत आला होता फ्लेक्स छापायला. फ्लेक्सवाल्याचं दुकान शेजारचं, हा चुकून माझ्या दुकानात शिरला.

"पावणं, हितं जुनी कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतो आमी," मी म्हणाले.

"तीच बघतोय की..." तो म्हणाला. बघत मात्र माझ्याकडे होता.

गडमुडशिंगीत त्याची अभ्यासिका. फ्लेक्स विसरून तो सहा डेस्कटॉप ठरवून गेला. ऑफिसांनी काढून टाकलेले, मी साफ करून नवी डिस्क घातलेले. वॉरंटी तीन महिने. सीपीयूच्या प्रत्येक डब्यावर एक ते सहा नंबर, मागच्या स्क्रूवर माझ्या सहीचं स्टिकर, म्हणजे सील. ते तुटलं तर वॉरंटी गेली, हे त्याला दोनदा बजावलं.

आठवड्यातच चार नंबरचा बंद पडला. मोटारसायकलवर पुढ्यात डबा घेऊन स्वारी हजर! सील फोडून बघितलं तर रॅम सैल झालेली. खोडरबरानं तिची टोकं घासली, परत बसवली, झालं चालू. पाच मिनिटांच्या कामाला तो दोन चहा होईपर्यंत बसला.

मग दर शनिवारी चार नंबर बंद. दर शनिवारी रॅमच सैल. मी काही एवढी वाईट कारागीर नाही! पण बोलले नाही. तो मला आवडायला लागला होता, त्यात लपवण्यासारखं काय? वॉरंटी संपली की त्याचं येणंही संपणार, एवढीच धास्ती होती.

शेवटचा शनिवार उजाडला. तो आला... पण हातात डबाच नाही.

"आज बंद न्हाय पडला?" मी विचारलं.

"न्हाय." तो उभाच राहिला. "पहिल्यांदा खरंच बिघडला हुता. फुडं... मीच रॅम ढिली करत हुतो. आता अभ्यासिकेतल्या पोरींच्या भरतीच्या सराव परीक्षा हाईत. माझ्यापायी त्यांचं मशीन अडायला नको. म्हणून सांगायला आलो."

"काय सांगायला?"

"तुमी आवडता मला. तेवढंच."

हातात तयार धरलेला खोडरबर मी खाली ठेवला.

"चार नंबर उघडताना सील फोडावं लागलं का कधी?" मी विचारलं.

"न्हाय... पहिल्या दुरुस्तीपासनं सीलच नव्हतं. वाटलं, तुमी विसरलासा."

"मी? बाकीच्या पाचांवर हाय न्हवं?"

त्याच्या ध्यानात आलं. मग एवढं हसला, की शेजारचा फ्लेक्सवाला डोकावून गेला.

मी ड्रॉवरमधून स्टिकर काढलं, सही केली आणि त्याच्या हातात ठेवलं. "आजच लावा. पोरींचं मशीन हाय ते."

"मग फुडच्या शनिवारी मी कसा येऊ?"

"रिकाम्या हातानं या की. आज आलासा तसं."

त्या दिवशी तीन चहा झाले.