शून्य मिलिमीटर

दुपारच्या सुन्न शांततेत कुकरची शिट्टी फुटली आणि मागच्या वाफ्यातून कोणीतरी ओरडलं, "अरे बाप रे!"

मनकर्णा ओल्या हातांनीच धावली. पाहते तर काय, तिच्या पालकात एक चष्मेवाला तरुण बसकण मारून पडलेला. हातात मोजपट्टी, मांडीवर प्लास्टिकचा उभट डबा.

"पालक चोरून राह्यले का वो?"

"नाई वो बाई... शिट्टीनं दचकलो. मी वामन. मंडल ऑफिसातून आलो. पाऊस मोजाचा हाये."

"पाऊस तं वरून पडते. तुमी खाली काय शोधून राह्यले?"

तो आधी हसला. उठायचं त्याला नंतर सुचलं.

गोष्ट अशी होती. मागच्या दसऱ्याला तेलंगणातल्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि शहराला खेटून एक नवं मंडल, म्हणजे तिथला छोटा तालुका, निघालं. मंडल वेगळं झालं, पण त्याचा पाऊस अजून शहरातल्याच मापावरून लिहिला जायचा. वामनला मोकळी जागा हवी होती, वर झाड नको, बाजूला भिंत नको. मारोतरावांचा भाजीचा मळा त्याच्या मनात भरला. मारोतराव मनकर्णाचे वडील. नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती आणि तिची पाच वर्षांची रुखी इथंच राहत होत्या.

"रोज सकाळी साडेआठले डबा पाहाचा अन् मले फोनवर आकडा सांगाचा. बस, एवढंच."

एवढंच! पण नंबर लिहून देताना त्याचं पेन दोनदा अडखळलं.

मग रोज फोन होऊ लागला.

"किती?"

"चार."

"अन्... चहा झाला?"

"हे बी रजिस्टरात लिहाचं हाये का, साहेब?"

"नाई. हे मी तोंडपाठ ठेवतो."

फोनमधून काय दिसतं? तरीही मनकर्णा सव्वाआठलाच केस विंचरून बसायची. स्वतःचीच तिला लाज वाटायची... आणि मजाही.

जुलैत एका संध्याकाळी शहराच्या अंगाला आभाळ शाईसारखं उतरलं. गडगडाट मळ्यापर्यंत ऐकू आला. सकाळी तिनं डबा पाहिला, बोट घालून पाहिला.

"किती?" आज वामनचा आवाज धावत आल्यासारखा होता.

"शून्य."



"बाई, शहरात एक्याण्णव मिलिमीटर पडला. बाजारात गुडघाभर पानी हाये. चार किलोमीटरवर शून्य? डबा कोनं पालथा तं नाई केला? रुखीनं...?"

मनकर्णाच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. चाळीस दिवस तिनं एक थेंब इकडचा तिकडे केला नव्हता. आणि हा माणूस, ज्याच्यासाठी ती केस विंचरत होती...

"माह्या पोरीचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "मी खोटी असन, तं तुमचा डबा घेऊन जा."

तिनं फोन ठेवला.

तासाभरात गाडी वाजली. वामनची पँट मांडीपर्यंत चिखलानं भरलेली, आणि त्याच्या गाडीमागे मळ्याच्या वाटेवर धूळ उडत होती. त्यानं मागे वळून ती धूळ पाहिली. मग वाफ्यात बसला, मातीत बोट खुपसलं. माती कोरडीठाक!

"मोठ्या शहरांचं वाचलं होतं मी," तो हळूच म्हणाला. "सिमेंट, डांबर, पत्रे तापतेत. गरम हवा वर चढते अन् ढग तिथंच रिकामा होते. आपल्या एवढुश्या गावात तसंच झालं का, मले नाई सांगता येत. पन एका दिवसात, एवढा फरक..."

"कागदावर तं माहा मळा ओला असन ना?"

"वरचे साहेब म्हनतेत, शहराचाच आकडा लिहून टाक."

"अन् तुमी?"

वामननं खिशातून ओलसर रजिस्टर काढलं. तिच्यासमोर लिहिलं: शून्य. खाली स्वतःची सही केली.

"हे साहेबासाठी," तो म्हणाला. "तुमाले मात्र मी विचाराले नव्हतं पाह्यजे. चुकलो."

तिचा राग एकदम ओसरला नाही. तिनं पाण्याचा तांब्या मात्र आणून दिला... जरासा आपटूनच.

पाणी पिऊन तो जायला वळला आणि थांबला. "नव्या जिल्ह्यांत मानसं वाटून राह्यले. मले निर्मल जिल्हा भेटला होता. खोलीसुद्धा पाह्यली होती... काल लिहून देल्लं, जात नाई म्हनून."

"काऊन?"

"तुमी हो म्हनसान तं मारोतराव काकांशी बोलाचं हाये. तुमच्याबद्दल. अन् रुखीबद्दल."

पदराचं टोक मनकर्णाच्या बोटाला गुंडाळलं जात होतं, सुटत होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही निघालंच नाही.

दारातून रुखी सगळं ऐकत होती. ती पळत आली, आईच्या कमरेला बिलगली आणि वामनकडे निरखून पाहत तिनं विचारलं,

"आई, हे आपल्या घरी राह्याले आले, तं मी यांले काय म्हनू?"