आवाज काढून टाकलेली डिस्क

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. पण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं. गेल्या एप्रिलमध्ये, ताडकळसला, भर दुपारी. रात्र असती तर मीच म्हटलं असतं, भास झाला.

मी संघप्रिया. परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मराठी टायपिंग मी ताडकळसच्या व्यंकटराव सरांच्या क्लासमध्ये शिकले. सर त्याआधीच्या दिवाळीत गेले. क्लासमध्येच, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्यानंतर क्लास गीताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं चालू ठेवला. काकूंना स्वतःला टायपिंग येत नव्हतं. शिकवायला एक बाई ठेवल्या होत्या.

परीक्षा तोंडावर आली आणि क्लासचे कॉम्प्युटर एकेक करून बंद पडायला लागले. काकूंचा फोन आला. मुलं दुसऱ्या क्लासला जायलेत म्हणाल्या.

मशीन जुनी. नेट धड नाही. म्हणून मी दुकानातच एक खास डिस्क बनवली. विंडोजच्या मूळ डिस्कमधलं नको ते काढायचं, मराठी फॉन्ट आणि मराठी कीबोर्डची मांडणी आधीच घालून ठेवायची. डिस्क घातली की पुढचं आपोआप, एक बटणही दाबायला नको. फार कापाकापी केली की मशीन मध्येच अडकतं, म्हणून जपून केलं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम काढली.

आवाज.

पोरं हेडफोनवर गाणी लावून बसायची. म्हणून साउंडचा ड्रायव्हर, आवाजाच्या फाइल, सगळं काढून टाकलं. डिस्क आधी दुकानातल्या जुन्या मशीनवर टाकून पाहिली. नीट चालली. मुकी.

ताडकळसला गेले तेव्हा क्लासला सुट्टी होती. मी आणि काकू, दोघीच. धूळ झटकायला सगळे कीबोर्ड काढून टेबलावर रचले होते. स्पीकर तर सरांनी कधी आणलेच नव्हते.

शेवटच्या मशीनमध्ये डिस्क घातली. तेवढ्यात...

टक्... टक् टक्...

मागच्या रांगेत कुणीतरी टाईप करत होतं.

मी कीबोर्डच्या ढिगाकडे पाहिलं. सगळे तिथंच.

वाटलं, पंखा असेल. पंखा बंद केला.

टक् टक्... आता जास्तच स्पष्ट.

मग थांबलं. आणि मागच्या एका मशीनच्या कॅबिनेटमधून, अगदी हळू...

"करंगळी... करंगळी वापर."

सर हेच म्हणायचे. मी करंगळीचं काम दुसऱ्या बोटावर ढकलायची, तेव्हा मागे येऊन उभे राहायचे आणि हेच म्हणायचे. ह्याच आवाजात.

काकू दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"कुणाचा आवाज हाय?" त्यांनी विचारलं. "तुज्या तोंडून सांग."

"सरांचा," मी म्हणाले.

त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या.

मी मेन स्विच पाडला. सगळे पडदे काळे झाले. खोलीत चिडीचूप.

आणि त्या बंद मशीनमधून...

"बस. हात मांडीवर."

वेळ संपली की सर असंच थांबवायचे.

पळून जावंसं वाटत होतं. पण मुलांची परीक्षा होती. मी लाईट परत लावली आणि मूळ डिस्क, काहीही न काढता, सगळ्या मशीनवर नव्यानं टाकली. आवाज परत आला नाही. मी निघेपर्यंत काकू उंबऱ्यावरच बसून होत्या.

दुकानात येऊन मी माझी डिस्क उघडून पाहिली. आवाजाची एकही फाइल नाही. माझ्या मशीनवर ती पुन्हा मुकीच.

परीक्षा पार पडली. मग एक दिवस काकू एसटीनं दुकानात आल्या.

"ती पहिली सीडी हाय का तुज्यापशी?"

मी खूप समजावलं. ते बरं नाही म्हटलं, मनाला लावून घ्याल म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे गेल्यापासून घरात मला कुणी काई म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "तिथं कुणी तरी बोलायलंय."

मला नाही म्हणता आलं नाही. क्लासच्या मागच्या मशीनवर ती डिस्क परत टाकून दिली.

मागच्या महिन्यात क्लासचा प्रिंटर बघायला गेले. सुट्टीचा दिवस. दार नुसतं लोटलेलं. आतून टायपिंगचा आवाज येत होता. एकसारखा, सराईत हाताचा.

दार ढकललं.

काकू होत्या. एकट्या. पडद्यावर मराठी ओळी भरभर उमटत होत्या.

मी विचारलं, काकू, तुम्हाला हे कुणी शिकवलं?

त्यांनी मान वर केली नाही.

"शिकवायलेत की."

शेजारची रिकामी खुर्ची त्यांच्याकडे वळवून ठेवलेली होती.

मी प्रिंटरला हात न लावताच निघाले.

आता काकूंना तीच डिस्क घरच्या कॉम्प्युटरवर टाकून हवी आहे. सारखा फोन येतो. मी उद्या येते म्हणते.

आजही आला. उचलला तर काकू बोलल्याच नाहीत. पलीकडून नुसतं टायपिंग ऐकू येत होतं...

मी म्हटलं, "काकू?"

टायपिंग थांबलं.

कुणीतरी बोलण्याआधी श्वास घेतला.

मी फोन ठेवून दिला.